आधी जिवंत बातमी

मोंजी,

नियम तुझाच आहे, म्हणून आधी जिवंत बातमी. सालेम मच्छीमाराच्या लेकीला, हिंदला, रविवारी मार्सेयमध्ये मुलगा झाला. तीन किलो दोनशे. डोक्यावर भरपूर केस आणि आवाज, हिंद म्हणते, थेट आजोबांचा. भर वाऱ्यात एका होडीवरून दुसऱ्या होडीवर ऐकू जाईल असा. बाळ-बाळंतीण दोघं ठीक आहेत.

आता दुसरी बातमी. तू गेलास. मंगळवारी, जेवणानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या. पुढ्यातली कलिंगडाची फोड तशीच राहिली.

तुला हे सांगायची गरज नाही, ठाऊक आहे मला. पण हे पत्र यादीवर जाणार आहे, चारशे बारा पत्त्यांवर, आणि त्यातल्या निम्म्या पोरांना तू म्हणजे पत्राच्या तळाशी येणारी एक ओळ: ‘मेल मिळत नसल्यास मोंजी यांना फोन करावा.’ तेव्हा तुला ठाऊक असलेलंच तुला सांगते. ऐकून घे. एरवी वाक्यावाक्याला तोंड घालायचास. आज घालता येणार नाही.

आपल्या केरकेना बेटांवर तारेचं ऑफिस एकच, रमला गावात, आणि तारा वाटायची सायकल एकच, ती तुझ्या वडिलांची. ती गल्लीत शिरली की बायका दारात यायच्या. ते घंटी वाजवत आले तर हसून आत जायच्या. घंटी न वाजवता आले तर कुणी जागचं हलायचं नाही, कोणत्या दाराशी थांबतात ते बघत. समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातल्या इस्पितळातून कुणी गेल्याची तार आली की ती कुणाच्याही नावावर असो, तुझे वडील आपला क्रम सोडायचे नाहीत. आधी मुली, मग भाऊ, मग सुना-जावई, मग गाव. आणि वाचून झालं की शेवटच्या घरातला माणूस तो कागद उंबऱ्याबाहेर येऊन फाडायचा. मयताचा कागद घरात ठेवायचा नाही. ठेवला तर गेलेला माणूस त्या घरातून सोबत शोधतो. हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. चप्पल उलटी पडली की सरळ करावी, तितकं ते अंगवळणी आहे.

शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर. मी ट्युनिसला विद्यापीठात गेले, भूगोल घेऊन परत आले आणि इथल्याच शाळेत पस्तीस वर्षं पोरांना नकाशे काढायला लावले. तू पोस्टाच्या खिडकीत बसलास. तेव्हापासून मला ‘मॅडम’ म्हणायला लागलास. अख्खं बेट मला मॅडम म्हणतं ते आदरानं. तू म्हणायचास ते चिडवायला. अख्खं बेट तुला ‘सी मोंजी’, म्हणजे मोंजीसाहेब, म्हणायचं. मी मोंजीच म्हणत राहिले. फिटंफाट.

निवृत्त झाल्यावर लोक कॉफीच्या टपरीवर पत्ते खेळतात. तू स्फाक्सच्या एका बँकेनं मोडीत काढलेला सर्व्हर मागून आणलास, आणि बेटवासी मंडळाच्या मागच्या खोलीत, जिथे लग्नाच्या खुर्च्या ठेवतात तिथे, तो मांडलास. पुस्तकं मागवून, डोकं फोडून, वर्षभरात तू त्यावर सगळ्यांच्या ई-मेलच्या पेट्या चालू केल्यास. प्रत्येकाच्या पत्त्याच्या शेवटी बेटाचं नाव. त्या यंत्राला तू खेचर म्हणायचास. ओझं वाहतं, लाथ मारतं आणि का थांबलं ते सांगत नाही. त्या खोलीत जाताना पायताण बाहेर काढायचास. ऑगस्टमध्ये खिडकीला झावळ्यांची ओली चटई लावायचास, आणि दर तासाला उठून तिच्यावर पाणी मारायचास.

मंडळाची अध्यक्ष मी. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. त्या नात्यानं मी विचारलं होतं, “मोठ्या कंपनीची पेटी फुकट मिळते, मोंजी. हा उपद्व्याप कशाला?”

“भाड्याच्या घरात तू पाहुणे बोलावतेस का, मॅडम?”

“अरे, भाडं नाहीच आहे म्हणतेय मी.”

“तेच तर. ज्या घराला भाडं नाही, तिथून कधी हाकलतील ते सांगत नाहीत.”

पण माणसं शेवटी सोय बघतात. बऱ्याच जणांनी, परदेशातल्यांनी तर बहुतेक सगळ्यांनी, मोठ्या कंपनीची पेटीही उघडली, आणि ‘सी मोंजी, बेटाच्या पत्त्यावर येईल ते तिकडे ढकलत जा’ म्हणून सांगितलं. तू तेही मुकाट्यानं करून दिलंस. खेचर इथलं पत्र उचलून तिथल्या दारात नेऊन ठेवायचं.

मग एका साली ऑक्टोपस पकडायचे घडे समुद्रात सोडायला नुकती सुरुवात झाली होती, आणि सालेम गेला. आदल्या दिवशी मासे अडवायचं झावळ्यांचं कुंपण नीट करायला कमरभर पाण्यात उभा होता, दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाआधी आपण त्याला मातीत ठेवून आलो. मंडळाचं पत्र यादीवर गेलं, नेहमीप्रमाणे. हिंद तेव्हा पंचविशीची, मार्सेयमध्ये नर्स. त्याच्या बायकोला वाटलं, दिरानं फोन केला असेल. दिराला वाटलं, वहिनीनं केला असेल. आणि दोघांनाही वाटलं, पत्र तर गेलंच आहे.

हिंदला सहाव्या दिवशी कळलं. मार्सेयच्या मासळीबाजारात बेटावरच्याच अताया गावचा एक माणूस तिला म्हणाला, “अल्ला तुला सबुरी देवो.” तिनं विचारलं, “कशाची?”

ती आली तेव्हा घरातल्या खुर्च्याही उचलून झाल्या होत्या. आईला भेटून ती सरळ तुझ्या खोलीवर आली. मी तिथेच होते, कसल्याशा कागदावर सही करायला. दाराशी तुझ्या वहाणा बघून तिनंही बूट काढले. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “सी मोंजी, माझ्या बाबांचं पत्र मला मिळालं. कचऱ्याच्या खणात होतं. औषधांच्या जाहिरातींमध्ये. ते तिथे का पडलं?”

तू तिला पाणी दिलंस. अर्धं तुझ्याच बाहीवर सांडलं.

“शोधून सांगतो, बेटी.”

मी तुला सत्तर वर्षं ओळखत होते, पण मोंजी, त्या दिवसापासून तुझा स्वभावच बदलला. टपरीवर जाणं बंद. माझ्याशी भांडणं बंद. तुझ्या डोक्यात एकच: बेटाचं पत्र जिथे जायचं तिथे पोचलं पाहिजे, आणि या पोरीला उत्तर मिळालं पाहिजे.

उत्तराचा पहिला भाग तुला दोन दिवसांत कळला. जगात काही मंडळी काळी यादी ठेवतात. कोणत्या सर्व्हरवरून लोकांना फालतू, फसवी पत्रं जातात, त्यांचे नंबर त्यात टिपलेले असतात. सगळ्या मोठ्या पेट्यांचे दरवान ती यादी हातात घेऊन उभे. नंबर त्यात असला की तुमचं पत्र दारातूनच परत, नाहीतर गुपचूप कचऱ्याच्या खणात. लॉटरी लागल्याचं सांगणारे, केस उगवून देणारे, आणि त्यांच्या रांगेत मान खाली घालून आपलं खेचर.

तू यादीवाल्यांना पत्र लिहायला बसलास. फ्रेंचमध्ये, पोस्टाच्या जुन्या थाटात, ‘परम आदरणीय महोदय’ पासून.

“तो फॉर्म आहे, मोंजी,” मी म्हटलं. “रकाना आहे. दोनशे अक्षरांचा.”

“मग दोनशे अक्षरांत माफी मागतो.”

“चूक काय केलीस ते तरी ठाऊक आहे का?”

“माफी आधी मागायची असते, मॅडम. चूक मागाहून सापडते.”

उत्तर यंत्रानं दिलं, मिनिटभरात: नाव काढलं आहे. तू आनंदानं मला बदामाचा चहा पाजलास. चार दिवसांनी नाव पुन्हा यादीत. असं तीनदा झालं. तुला वाटलं, कुणी चोर खेचरावर बसून आपली पत्रं पाठवतोय. तू चारशे जणांचे पासवर्ड बदललेस. त्यातल्या नव्वद जणांचा पासवर्ड ‘ऑक्टोपस’ होता, हे तू मला शपथेवर सांगितलंस. चोर कुणी नव्हता.

मग तुला कुठूनसं समजलं की मोठ्या पेटीवाल्यांकडे अर्ज केला तर ते तक्रारींची प्रत पाठवतात, मागच्या काही महिन्यांचीसुद्धा. म्हणजे आपल्या पत्रावर कुणी ‘हे स्पॅम आहे’ असं बटण दाबलं की त्या पत्राची नक्कल आपल्याकडे येते. दाबणाऱ्याचं नाव खोडून येतं. पण चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला पाकीट कुणाचं ते नावावाचूनही कळतं. तू एक निळी वही घातलीस. तारीख, वेळ, कोणतं पत्र, आणि तुझ्या अंदाजानं कोण.

महिनाभरानं तू मंडळाची बैठक बोलावलीस. वही उघडून म्हणालास, “लग्नाच्या पत्रावर एकही तक्रार नाही. सुंतेच्या नाही. बोटीच्या वेळापत्रकावरही नाही. सगळ्याच्या सगळ्या मयताच्या पत्रांवर आहेत.”

मग आपली मन्नूबिया, मंडळातली सगळ्यात वयस्कर, म्हणाली, “मी दाबलं. लपवू कशाला?”

“पण खाला, का?”

“का म्हणजे? मयताचा कागद घरात ठेवतात का?”

मी मधे पडले. “मग नुसतं पुसून टाकायचं ना. डिलीट.”

“पहिल्यांदा तेच केलं, मॅडम. मग सुनेनं दाखवलं, ते घरातल्याच केराच्या टोपलीत जाऊन पडतं. तीस दिवस! मेलेला माणूस तीस दिवस टोपलीत ठेवू? हे दुसरं बटण बरं. दाबलं की उंबऱ्याबाहेर.”

खरं तर तिथेही ते तीस दिवसच पडून राहतं, फक्त नजरेला दिसत नाही. पण तेवढ्यात एकानं हात वर केला, मग दुसऱ्यानं. खोलीत सोळा जण होते, अकरा हात वर गेले. ज्यांनी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही अशी माणसं. ती जुन्या रीतीनं कागद उंबऱ्याबाहेर फाडत होती, आणि दरवान प्रत्येक फाडण्याची नोंद खेचराच्या नावावर करत होता.

माझा हात खालीच होता.

मोंजी, ती वही तू माझ्या बाजूला ठेवली होतीस. पहिल्याच ओळीवर माझी नजर गेली. सालेमच्या आधी सात आठवडे. पत्र: नूरी गेल्याचं. नूरी म्हणजे माझा धाकटा भाऊ, हे पोरांसाठी सांगते. वेळ: दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. खालच्या सगळ्या ओळींत शेवटच्या रकान्यात नावं होती. मन्नूबिया, ल्योंचा तय्यब, सगळी. पहिल्या ओळीत नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ.

पस्तीस वर्षं मी पोरांना सांगितलं की ग्रहणानं कुणाचं काही वाईट होत नाही. आणि माझ्या भावाचं नाव काळ्या चौकटीत समोर आलं तेव्हा माझं बोट आपोआप त्या बटणावर गेलं. ते पत्र माझ्या घरात मला नको होतं. एक क्षणसुद्धा नको होतं.

तू वही मिटलीस. म्हणालास, “सगळ्यांनी घरी जायचं, कचऱ्याचा खण उघडायचा, आपली माणसं तिथून बाहेर काढायची आणि ‘हे स्पॅम नाही’ असं सांगायचं.” मग माझ्याकडे न बघता: “मॅडम, तुला काही काम नाही. तू शिकलेली.”

सगळे हसले. मीही हसले.

घरी जाऊन मी तो खण उघडला. तीस दिवस केव्हाच उलटले होते. तिथे एका अत्तराची जाहिरात होती. नूरी नव्हता.

हिंद, तूही यादीवर आहेस, आणि बाळ झोपलं की हे वाचशील. तुझ्या बाबांचं पत्र कचऱ्यात का पडलं, हे मोंजीनं तुला फोन करून सांगितलं होतं. ‘माणसांनी रीत पाळली, बेटी, आणि यंत्राला रीत कळली नाही,’ असं. त्या माणसांत पहिली मी होते, हे त्यानं सांगितलं नाही. ते मी सांगते. बारा वर्षं उशीर झाला.

कारण सापडलं, पण उपाय सापडेना. तू परदेशातल्या एकेकाला फोन लावायला बसलास. ल्योंच्या तय्यबचाचाचा फोन मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

“चाचा, मयताच्या पत्राला ते बटण लावू नका.”

“मग काय करू? चौकट करून भिंतीवर लावू?”

“नुसतं राहू द्या.”

“तुझ्या घरात राहू दे. माझ्याकडे आधीच रक्तदाब राहतो.”

मग तू शक्कल लढवलीस. पत्रात मयताचं नावच घालायचं नाही. नुसतं लिहायचं: ‘घरी फोन करा.’ मी म्हटलं, मूर्खपणा आहे. तू म्हणालास, तुला प्रत्येक गोष्ट मूर्खपणाच वाटते. पहिलं तसं पत्र गेलं आणि तासाभरात बेटावरचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. मन्नूबियाचा तुलूजमधला मुलगा तर आईचा आवाज ऐकून हुंदके द्यायला लागला. ती त्याला म्हणाली, “मी जिवंत आहे म्हणून रडतोस का रे मेल्या?” तिसऱ्या पत्रापर्यंत ‘घरी फोन करा’ हे शब्दच अपशकुनी झाले, आणि लोक तेही उंबऱ्याबाहेर टाकायला लागले. खेचर पुन्हा काळ्या यादीत.

मला वाटलं, आता तू सोडून देशील. मी तसं बोललेही. “झालं तेवढं पुष्कळ झालं, मोंजी. बंद कर ते. माणसं मोठ्या कंपनीकडे जातील, पत्रं पोचतील.”

“पोचतील. पण बेटाकडून नाही पोचणार.”

आणि दोन दिवसांनी, दुपार कलताना, तू माझ्या अंगणात आलास. मी मिरच्या वाळत घालत होते. तू बसलाही नाहीस.

“मॅडम, जन्माचा कागद कोण फाडतं?”

“कुणी नाही. का?”

“माझे वडील मयताची खबर घेऊन दारात गेले की पहिलं वाक्य काय बोलायचे, आठवतं?”

मला आठवत होतं. ते घरातल्या सगळ्यात लहान पोराचं नाव घ्यायचे. ‘सामी चालायला लागला का?’ घरचे म्हणायचे, लागला. मग ते टोपी काढायचे.

“त्यांना वाटायचं, ते धीर देतायत,” तू म्हणालास. “मलाही तसंच वाटायचं. आता कळतंय, ते दार उघडं ठेवत होते. मयताचं वेगळं पत्र पाठवायचंच नाही. बेटाचं पत्र पाठवायचं. वर जिवंत बातमी, खाली मेलेली. जन्म असलेला कागद फाडायला हात धजत नाही.”

मी म्हटलं, “आणि लिहिणार कोण?”

तू माझ्या हातातली मिरच्यांची परडी काढून घेतलीस.

तिथून तुझं ते वाक्य सुरू झालं. दारातूनच, सलामसुद्धा न करता: “मॅडम, एक मेलाय. जिवंत शोध.” मी कंबर कसून बातमी शोधायला निघायची. बाळंतपणं, साखरपुडे, नवा डॉक्टर, कुणाच्या घड्यात सापडलेला सात किलोचा ऑक्टोपस. एका फेब्रुवारीत अख्ख्या बेटावर काही म्हणजे काही चांगलं घडलं नाही, तेव्हा मी अतायातल्या गाढविणीला शिंगरू झाल्याचं लिहिलं. मयताचा मुलगा भडकला. “सी मोंजी, माझ्या बापाच्या डोक्यावर गाढव?” तू शांतपणे म्हणालास, “तुझा बाप रोज त्या गाढविणीला कलिंगडाची सालं घालायचा. तिच्या घरची बातमी त्यानं आधी विचारली असती.” मग त्या मुलानंच विचारलं, शिंगरू कोणत्या रंगाचं आहे.

पत्र एकदम चारशे जणांना सोडायचं नाही, हाही तुझाच नियम. वीस-वीस करून, थांबत थांबत, आणि वडिलांच्या क्रमानं: आधी मुली, मग भाऊ. दरवानाला घाऊक पत्रांचा संशय येतो म्हणून, असं तू बैठकीत सांगितलंस. मला ठाऊक होतं, दरवानाला क्रमाशी काही देणंघेणं नसतं.

सातव्या आठवड्यात आपलं नाव काळ्या यादीतून निघालं आणि परत गेलं नाही. पुढच्या मयताच्या पत्राला हिंदचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘मिळालं, सी मोंजी. पेटीच्या मधोमध आलं, कचऱ्यात नाही.’ ती ओळ तू छापून खेचराच्या कपाळावर चिकटवलीस. अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात.

एक काम मात्र राहिलं. जर्मनीतला एक छोटा पेटीवाला काही केल्या आपली पत्रं घेईना. त्याच्याकडे आपली सात माणसं. त्याचं म्हणणं एकच, आणि ते बरोबर होतं: तुमच्या नंबरावरून उलट चौकशी केली तर नाव मिळत नाही. म्हणजे घर आहे, पत्ता आहे, पण दारावर पाटी नाही. ती पाटी लावणं आपल्या हातात नव्हतं. ज्यांची इंटरनेटची लाइन, त्यांच्या स्फाक्सच्या ऑफिसात जाऊन, मंडळाची अध्यक्ष आणि सर्व्हर बघणारा अशा दोघांनी समक्ष अर्ज द्यायचा. अर्ज फक्त मंगळवारी घेतात.

कितीतरी मंगळवार आले, मोंजी. कधी पूर्वेचा वारा सुटला आणि बोटच निघाली नाही. कधी माझे गुडघे. कधी तुझी लेक इब्तिसाम सूस शहरातून पोरांना घेऊन आली म्हणून तू नाही. आणि खरं सांगू? बोटीत मला मळमळतं. साठ वर्षं झाली तरी मळमळतं, आणि बेटावर राहून हे कबूल करायची लाज वाटते. तू ओळखून होतास. “वारा आहे,” म्हणायचास, पान हलत नसतानाही.

तोवर त्या सात जणांसाठी तू पत्र कागदावर छापायचास. जिवंत बातमी मोठ्या अक्षरात, मेलेली लहान. घडी घालायचास, तिकीट चिकटवायचास, पत्ता हातानं लिहायचास आणि ज्या पोस्टात चाळीस वर्षं बसलास तिथल्या खिडकीत रांगेत उभा राहून द्यायचास. खिडकीतली मुलगी म्हणायची, “सी मोंजी, आता कोण पत्रं पाठवतं?” तू म्हणायचास, “ज्यांच्या दारावर पाटी नाही ते.”

या मंगळवारी सकाळी तुझा फोन आला.

“मॅडम, समुद्र तेलासारखा पडलाय. जायचं का?”

मी म्हटलं, “आज टोमॅटो चिरून उन्हात घातलेत. पुढच्या मंगळवारी.”

“टोमॅटो चिरलेत,” तू म्हणालास. “मग काय. खेचर आणखी एक आठवडा बिननावाचं.”

आणि हसलास. रागावलाही नाहीस. दुपारी तुझ्याकडे राहायला आलेल्या इब्तिसामचा फोन आला, मी तशीच धावले. फोड ताटलीत होती, काटा खाली पडला होता.

बुधवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेले, पायताण बाहेर काढून. पत्र लिहायला बसले आणि जिवंत बातमी सुचेना. बेटावर बातम्या नव्हत्या असं नाही. मी तशीच बसून राहिले. “मॅडम, एक मेलाय” म्हणायला दारात कुणी आलं नव्हतं, त्याशिवाय मला उठताच येईना. तेवढ्यात खेचरावर पत्र येऊन पडलं. हिंदचं, मुलाच्या बातमीचं. वर लिहिलं होतं: ‘सी मोंजींना सांगा, ही त्यांनी वापरावी, कधी लागली तर.’

लागली, हिंद.

आता हे सोडते. वीस-वीस करून. आधी इब्तिसाम, मग तुझा भाऊ, मग बाकीचे. निळी वही इथेच टेबलावर आहे, पण मला पाकिटावरून माणूस ओळखता येत नाही, तेव्हा कुणाचं बोट त्या बटणावर गेलंच तर मला कळणार नाही. मी एवढंच म्हणते: वर बाळ आहे. बघून करा.

सात पाकिटं लिहून झाली आहेत. माझं अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही.

आणि पाटीसाठीचा तो अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. माझी सही झाली आहे, मंडळाचा शिक्का मारला आहे. खालचा रकाना कोरा आहे; तिथे तुझी सही स्फाक्सच्या साहेबासमोर व्हायची होती. पुढच्या मंगळवारी बोट साडेनऊला सुटते.